अणूंचा तराजू घडविणारे फ्रान्सिस अ‍ॅस्टन

एखादे औषध पोटात गेल्यानंतर ते शरीरात नेमके कोठे पोहोचते, तेथे त्याचे काय होते आणि त्यातून निपजलेला कोणता पदार्थ कोणत्या पेशींना घातक ठरतो, या प्रश्नांची उत्तरे आज ऊतींच्या अतिशय पातळ चकत्यांवरून मिळू लागली आहेत. चकतीच्या प्रत्येक सूक्ष्म बिंदूवरील रेणूंचे वजन करून त्यांचा नकाशा काढणाऱ्या या तंत्राला मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग असे म्हणतात. या तंत्राच्या मुळाशी असलेले उपकरण केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९१९ साली फ्रान्सिस विल्यम अ‍ॅस्टन यांनी उभे केले. अ‍ॅस्टन यांचा विषय यकृत वा मूत्रपिंड नव्हता. ते निर्जीव मूलद्रव्यांच्या अणूंची वजने करीत होते. तरीही त्यांच्या तराजूपासून ऊतींपर्यंतची वाट त्यांच्या हयातीतच खुली झाली. ती खुली होण्यास त्यांच्या अनेक अचूक मोजमापांइतकेच त्यांचे एक चुकलेले मोजमापही कारणीभूत ठरले.

अ‍ॅस्टन यांचा जन्म १ सप्टेंबर १८७७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या हार्बोर्न या गावी झाला. वडील धातूंचे व्यापारी होते आणि त्यांची शेतीही होती. आईचे माहेर बंदुका बनविणाऱ्या कुटुंबातले. बर्मिंगहॅम हे तेव्हा कारागिरांचे शहर होते. हातांनी वस्तू घडविण्याचे वळण सात भावंडांतील या मुलाला घरातूनच लागले. माल्व्हर्न कॉलेजमधील शालेय शिक्षण आटोपून १८९३ साली तो बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात दाखल झाला. पुढे याच महाविद्यालयाचे बर्मिंगहॅम विद्यापीठात रूपांतर झाले. तेथे पर्सी फ्रँकलंड यांच्याकडे रसायनशास्त्र आणि जॉन हेन्री पॉइंटिंग यांच्याकडे भौतिकशास्त्र असे दोन्ही विषय त्याला मिळाले. पहिले संशोधन टार्टारिक आम्लाच्या संयुगांवरचे, म्हणजे निखळ रसायनशास्त्रातले होते.

या संशोधनावर पोट भरण्यासारखे नव्हते. १९०० साली अ‍ॅस्टन यांनी वुल्व्हरहॅम्प्टन येथील एका बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञाची नोकरी पत्करली आणि तीन वर्षे केली. चरित्रकार या तीन वर्षांवरून सहसा घाईने पुढे जातात. वास्तविक किण्वन म्हणजे जिवंत पेशींचा चयापचयच. यीस्टच्या पेशी साखरेचे मद्यार्कात रूपांतर कसे करतात, यावर रोज लक्ष ठेवण्याचे ते काम होते. अ‍ॅस्टन यांचे मन मात्र त्यात नव्हते. एक्स किरणांच्या शोधाने त्या काळच्या तरुण संशोधकांना जशी भुरळ घातली तशीच त्यांनाही घातली होती. घरच्या कार्यशाळेत ते स्वतः काच फुंकून नळ्या बनवीत, हवा काढून घेणारे पंप तयार करीत आणि विरळ वायूतून वीज सोडून उमटणाऱ्या प्रकाशपट्ट्यांचे निरीक्षण करीत. १९०३ साली शिष्यवृत्ती मिळताच ते पॉइंटिंग यांच्याकडे परतले. विसर्ग नलिकेत ऋण ध्रुवाला अगदी लगटून असलेला एक अरुंद काळा पट्टा त्यांनी दाखवून दिला. तो आजही अ‍ॅस्टन यांच्याच नावाने ओळखला जातो.

१९०८ साली वडिलांचे निधन झाले. त्यानंतर अ‍ॅस्टन जगाच्या प्रवासाला निघाले. होनोलुलूच्या किनाऱ्यावर ते लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ शिकले. समुद्रप्रवासाची जी गोडी त्यांना तेव्हा लागली, ती अखेरपर्यंत टिकली. परतल्यावर पॉइंटिंग यांच्या शिफारशीने त्यांना कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांचे साहाय्यक म्हणून बोलावणे आले. १९१० साली ते केंब्रिजला आले आणि पहिल्या महायुद्धाची वर्षे सोडता पुढे तेथेच राहिले.

इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे थॉमसन त्या वेळी धन किरणांच्या मागे होते. विरळ वायूतून वीज गेली की काही अणूंतून इलेक्ट्रॉन निघून जातो आणि उरलेला धनभारित अणू, म्हणजे आयन, वेगाने धावू लागतो. त्याच्या वाटेत विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र ठेवले की तो वळतो. किती वळतो हे त्याच्या वस्तुमानावर आणि वेगावर अवलंबून असते. छायाचित्रणाच्या काचेवर प्रत्येक वस्तुमानाच्या आयनांची एक स्वतंत्र वक्ररेषा उमटते. १९१२ साली नेऑन वायू नळीत भरला असता २० या वस्तुमानाच्या ठळक रेषेशेजारी २२ या वस्तुमानाची एक फिकट रेषाही उमटली. नेऑनचा अणुभार रसायनशास्त्रज्ञांनी सुमारे २०.२ असा ठरविला होता. २२ वजनाचा हा पाहुणा कोण, हे कोणाला सांगता येईना. नेऑनला हायड्रोजनचे दोन अणू चिकटून झालेले ते संयुग असावे, असा थॉमसन यांचा एक तर्क होता.

अ‍ॅस्टन यांना वेगळी शंका होती. नेऑनच दोन वजनांचा असेल तर दोन्ही भाग एकमेकांपासून वेगळे काढता आले पाहिजेत. त्यांनी प्रथम द्रव हवेच्या तापमानाला थंड केलेल्या कोळशाच्या मदतीने ऊर्ध्वपातन करून पाहिले. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मग पांढऱ्या चिकणमातीच्या सच्छिद्र नळीतून वायू पुन्हा पुन्हा झिरपवण्याचा मार्ग त्यांनी धरला. हलका भाग किंचित आधी झिरपतो आणि जड भाग मागे राहतो, एवढ्याच आधारावर ही क्रिया हजारो वेळा करावी लागली. शेवटी हाती आलेला वायू बुडबुड्याएवढाच असल्यामुळे त्याची घनता मोजण्यासाठी त्यांनी क्वार्ट्झची एक तुला स्वतःच घडविली. तिला ग्रॅमच्या अब्जांश भागाचा फरक कळत असे. सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड भागांच्या घनतेत सुमारे ०.७ टक्के इतका फरक आढळला. १९१३ साली हे निष्कर्ष त्यांनी मांडले. त्याच वर्षी फ्रेडरिक सॉडी यांनी किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या अभ्यासातून समस्थानिक ही संज्ञा रूढ केली. एकाच मूलद्रव्याचे अणू रासायनिकदृष्ट्या सारखे असूनही त्यांची वजने भिन्न असू शकतात, हा तिचा अर्थ. नेऑनसारख्या स्थिर मूलद्रव्यालाही तो लागू पडतो की काय, हा प्रश्न ऐरणीवर आला असतानाच महायुद्ध सुरू झाले.

युद्धकाळात अ‍ॅस्टन फार्नबरो येथील शाही विमान कारखान्यात होते. त्या वेळच्या विमानांच्या पंखांवर ताणून बसविलेले कापड असे. ते घट्ट आणि टिकाऊ करणाऱ्या लेपांचा अभ्यास त्यांच्याकडे होता. १९१४ साली एका प्रायोगिक विमानाला झालेल्या अपघातातून ते बचावले. मुक्कामाच्या ठिकाणी फ्रेडरिक लिंडमन, जी. पी. थॉमसन असे तरुण शास्त्रज्ञ एकत्र जेवत. नेऑनचे कोडे तेथेही वादाचा विषय होई. लिंडमन यांचा सैद्धांतिक कल समस्थानिकांच्या विरुद्ध होता. अ‍ॅस्टन सिद्धांतात त्यांच्याशी बरोबरी करू शकत नव्हते. वाद मिटवायचा तर अधिक चांगले उपकरणच लागेल, हे त्यांनी ओळखले आणि त्याचा आराखडा मनात घोळवीत राहिले.

१९१९ साली केंब्रिजला परतताच त्यांनी तो प्रत्यक्षात आणला. थॉमसन यांच्या उपकरणातली अडचण अशी की एकाच वजनाचे पण निरनिराळ्या वेगांचे आयन काचेवर लांब रेषेत पसरत आणि म्हणून रेषा फिकट व जाड येई. अ‍ॅस्टन यांनी दोन बारीक फटींतून आयनांची निमुळती शलाका काढली. विद्युत क्षेत्राने ती एका बाजूला वळून वेगानुसार फाकते. पुढे चुंबकीय क्षेत्र तिला उलट दिशेला वळवते, आणि क्षेत्रांचे प्रमाण योग्य असेल तर फाकलेले आयन वेग कोणताही असला तरी वस्तुमानानुसार एकाच जागी पुन्हा एकत्र येतात. लोलकातून गेलेल्या प्रकाशाचा जसा वर्णपट पडतो तसा वस्तुमानांचा पट काचेवर पडला. त्यामुळे अ‍ॅस्टन यांनी या उपकरणाला मास स्पेक्ट्रोग्राफ हे नाव दिले. त्याची अचूकता हजारात एक भाग एवढी होती.

पुढच्या काही महिन्यांत रसायनशास्त्रातले शंभर वर्षांचे एक कोडे सुटले. नेऑनच्या २० आणि २२ या रेषा स्वच्छ वेगळ्या दिसल्या. ३५.४६ हा क्लोरिनचा अणुभार रसायनशास्त्रज्ञांना सतत टोचत असे. ३५.४६ वजनाचा एकही अणू अस्तित्वात नाही, हे काचेने दाखविले. आहेत ते ३५ आणि ३७ वजनांचे अणू, सुमारे तीनास एक या प्रमाणात मिसळलेले. एकामागून एक मूलद्रव्य तपासले गेले आणि जवळपास प्रत्येकाच्या अणूंची वजने ऑक्सिजनच्या १६ या मापावर पूर्णांकांच्या अगदी जवळ आली. हायड्रोजन तेवढा अपवाद ठरला. त्याचे वजन १ नसून सुमारे १.००८ होते.

हा अपवाद क्षुल्लक नव्हता. हायड्रोजनचे चार अणू एकत्र येऊन हेलियमचा एक अणू बनत असेल, तर बेरजेत थोडे वजन कमी पडते. गेलेल्या वजनाची ऊर्जा झाली पाहिजे. १९२० साली आर्थर एडिंग्टन यांनी याच मोजमापाचा आधार घेऊन सूर्य आणि तारे यांच्या ऊर्जेचा उगम सुचविला. त्याच वर्षी अ‍ॅस्टन ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले. १९२१ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले आणि १९२२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी स्टॉकहोमच्या समारंभात नील्स बोर होते, तसेच मागील वर्षाचे राखून ठेवलेले रसायनशास्त्राचे पारितोषिक स्वीकारण्यासाठी सॉडीही होते. आपल्या व्याख्यानात अ‍ॅस्टन यांनी अणूंमध्ये दडलेल्या प्रचंड ऊर्जेचा उल्लेख केला आणि ती माणसाच्या ताब्यातून निसटली तर काय होऊ शकेल, याविषयी धोक्याचा इशाराही दिला.

नोबेल मिळाल्यानंतरही त्यांच्या दिनक्रमात फारसा बदल झाला नाही. ते अविवाहित होते आणि महाविद्यालयातील खोल्यांतच राहत. उपकरण स्वतः जोडावे, स्वतः चालवावे, काचा स्वतः धुवाव्यात आणि रेषांमधील अंतरे स्वतः मोजावीत, असा त्यांचा शिरस्ता होता. साहाय्यक ते टाळत. शिकविण्याची हातोटी त्यांना नव्हती. शिष्यपरंपरा त्यांनी निर्माण केली नाही. अनेक मोठे शास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांमधून ओळखले जातात. अ‍ॅस्टन यांच्या मागे उरले ते यंत्र आणि दोन ग्रंथ, १९२२ चा आयसोटोप्स आणि १९३३ चा मास स्पेक्ट्रा अँड आयसोटोप्स. प्रयोगशाळेबाहेर मात्र ते उत्साही होते. बर्फावरून घसरणे, गिर्यारोहण, टेनिस, गोल्फ आणि छायाचित्रण यांत ते रमत. पियानो, व्हायोलिन आणि चेलो ही वाद्ये ते वाजवीत. सूर्यग्रहणांच्या मोहिमांबरोबर ते सुमात्राला, १९३२ साली कॅनडाला आणि १९३६ साली जपानला जाऊन आले. गुंतवणुकीतही ते हुशार निघाले.

१९२७ साली त्यांनी दुसरे उपकरण पूर्ण केले. त्याची अचूकता दहा हजारांत एक भाग होती. त्यावर हायड्रोजनचे वजन १.००७७८ असे आले. वायूंची घनता मोजून रसायनशास्त्रज्ञांनी काढलेला आकडाही जवळजवळ हाच होता. दोन सर्वस्वी भिन्न मार्गांनी एकच उत्तर मिळाले, तेव्हा हायड्रोजनला समस्थानिक नाही असे मानण्यास हरकत उरली नाही. सर्वांचे समाधान झाले.

ते समाधान दोनच वर्षे टिकले. १९२९ साली अमेरिकेतील विल्यम जिओक आणि हेरिक जॉन्स्टन यांना साध्या ऑक्सिजनमध्ये १७ आणि १८ वजनांचे थोडे अणू आढळले. हे अणू इतके विरळ होते की अ‍ॅस्टन यांच्या काचेवर ते ओळखू आले नव्हते, आणि सारी वजने ज्या ऑक्सिजनच्या मापाने करायची तोच शुद्ध नव्हता, असा याचा अर्थ झाला. रसायनशास्त्रज्ञांचा १६ हा मिश्र ऑक्सिजनचा, तर अ‍ॅस्टन यांचा १६ हा केवळ एका प्रकारच्या अणूचा. मापे निराळी असताना आकडे सारखे येणे म्हणजे प्रत्यक्षात वजने जुळत नाहीत, असेच म्हणावे लागते. १९३१ साली रेमंड बर्ज आणि डोनाल्ड मेन्झेल यांनी ही तफावत भरून काढण्यासाठी हायड्रोजनला दुप्पट वजनाचा एक जोडीदार असावा आणि त्याचे प्रमाण सुमारे साडेचार हजारांत एक असावे, असा हिशेब मांडला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅरॉल्ड युरी यांनी तो वाचला आणि शोध हाती घेतला. द्रव हायड्रोजन सावकाश उडवून उरलेल्या अंशात त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच वर्षाच्या अखेरीस जड हायड्रोजन सापडला. त्याला ड्यूटेरियम असे नाव मिळाले आणि १९३४ साली युरी यांना नोबेल.

यानंतर अ‍ॅस्टन यांनी हायड्रोजनचे वजन पुन्हा काळजीपूर्वक केले. ते १.००८१ च्या आसपास आले. १९२७ चा आकडा चुकलेला होता. तो तेव्हाच बरोबर आला असता तर बर्ज आणि मेन्झेल यांना तफावत दिसली नसती आणि युरी यांना त्या दिशेने जाण्याचे कारण उरले नसते. जड हायड्रोजन निसर्गात होताच, सुमारे ६,४०० अणूंमागे एक. तो आज ना उद्या सापडलाच असता. परंतु तो १९३१ साली आणि कोलंबियातच सापडला, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

कारण दोनच वर्षांनी, १९३३ साली, जर्मनीतील फ्रायबुर्गमधून नाझी राजवटीमुळे बाहेर पडलेले ज्यू जीवरसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ शोनहायमर कोलंबियात आले. युरी यांचे विद्यार्थी डेव्हिड रिटेनबर्ग त्यांना येऊन मिळाले. अन्नातील एखाद्या रेणूला रासायनिकदृष्ट्या काहीही न बदलता ओळखीची खूण करायची तर जड समस्थानिकापेक्षा सोयीचे साधन नव्हते. त्यांनी साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसविलेली चरबी उंदरांना खाऊ घातली. तोपर्यंतची समजूत अशी की शरीरातील चरबीचा साठा अडीअडचणीसाठी ठेवलेल्या ठेवीसारखा पडून असतो आणि रोजचे अन्न रोज जळून जाते. प्रयोगात निराळेच दिसले. उंदरांचे वजन घटत असतानाही खाल्लेली बरीचशी चरबी आधी साठ्यात जात होती आणि साठ्यातली जुनी चरबी खर्चाला निघत होती. पुढे जड नायट्रोजनची खूण केलेली अ‍ॅमिनो आम्ले दिली असता तीन दिवसांत अर्ध्याहून अधिक नायट्रोजन शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला. हा नायट्रोजन मोजण्यासाठी लागणारा मास स्पेक्ट्रोमीटर रिटेनबर्ग यांनी प्रयोगशाळेतच बांधला होता. देहातील स्थिर वाटणारी द्रव्येही अखंड मोडत आणि पुन्हा बांधली जात असतात, ही आधुनिक चयापचयशास्त्राची पायाभूत कल्पना अशी अणूंच्या तराजूवर सिद्ध झाली. शोनहायमर यांचे १९४१ साली अकाली निधन झाले. त्यांची व्याख्याने पुढच्या वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

या प्रयोगांत एक उणीव मात्र होती. खूण मोजण्यासाठी अवयव वाटून, विरघळवून, त्यातील प्रथिने वा चरबी वेगळी करावी लागे. यकृतात किती जड नायट्रोजन आला हे कळे. यकृताच्या कोणत्या पेशींत आला हे वाटल्याबरोबर पुसले जाई.

अ‍ॅस्टन तिकडे तिसऱ्या उपकरणाकडे वळले होते. १९३७ साली त्याची अचूकता लाखात एक भागापर्यंत पोहोचली. निसर्गात आढळणाऱ्या २८७ समस्थानिकांपैकी २१२ त्यांनी एकट्याने शोधले, अशी नोंद आहे. युरेनियमही त्यांनी १९३१ साली तपासला होता आणि त्यात त्यांना २३८ वजनाचेच अणू दिसले. त्यातला २३५ वजनाचा विरळ अणू १९३५ साली आर्थर डेम्प्स्टर यांना सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिज येथे हाच २३५ वेगळा काढण्यासाठी चुंबकीय क्षेत्रात आयन वळविण्याचे तत्त्व कारखान्याच्या प्रमाणावर वापरले गेले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमध्ये हे युरेनियम होते. नोबेल व्याख्यानातला इशारा देणारे अ‍ॅस्टन त्या वेळी हयात होते. २० नोव्हेंबर १९४५ रोजी केंब्रिज येथे वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या संपत्तीचा मोठा वाटा ट्रिनिटी कॉलेजला गेला.

वाटल्यामुळे हरवणारी जागा परत मिळविण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले. १९५४ साली स्वीडनमधील स्वेन उलबर्ग यांनी किरणोत्सर्गी औषध दिलेल्या प्राण्याच्या संपूर्ण शरीराच्या चकत्या काढून त्या छायाचित्रणाच्या फिल्मवर ठेवण्याची पद्धत आणली. औषध कोठे आहे हे तिच्यात दिसते. पण काळा पडलेला डाग मूळ औषधाचा की शरीराने त्याचे रूपांतर करून बनविलेल्या पदार्थाचा, हे फिल्म सांगू शकत नाही. विषबाधेच्या दृष्टीने तर सारा प्रश्न तेथेच असतो. अनेक औषधे मूळ रूपात निरुपद्रवी असतात आणि त्यांचे चयापचयातून निघालेले रूप पेशींना मारते.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घरोघरी माहीत असलेल्या गोळीचे आहे. ती प्रमाणाबाहेर घेतली असता यकृतात तिच्यापासून एक अतिक्रियाशील पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायोन नावाचा रेणू त्याला निष्प्रभ करतो. परंतु ग्लुटाथायोन संपला की तो पदार्थ प्रथिनांवर हल्ला चढवतो. ही रूपांतर करणारी विकरे यकृताच्या प्रत्येक सूक्ष्म खंडात मधल्या शिरेभोवतीच्या पेशींत अधिक असतात आणि म्हणून पेशी प्रथम तेथेच मरतात. मिलिमीटरभर रुंदीच्या खंडात एका काठाला निरोगी आणि मध्यभागी मृत पेशी असू शकतात. सगळे यकृत वाटून काढलेल्या सरासरी आकड्यात हा भेद दिसणे शक्य नाही.

मास स्पेक्ट्रोमीटर चकतीवर नेण्याची सुरुवात १९६२ साली फ्रान्समध्ये रेमों कास्तँ आणि जॉर्ज स्लोझियाँ यांनी केली. आयनांच्या शलाकेने नमुन्याचा पृष्ठभाग खरवडायचा आणि उडालेल्या आयनांची वजने करायची, अशी ती पद्धत. या वंशातील अनेक उपकरणांत अ‍ॅस्टन यांच्याप्रमाणेच विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे एकापुढे एक असतात. मोठे रेणू मात्र या माऱ्यात तुटून जात. ते शाबूत उचलण्याची युक्ती १९८० च्या दशकात जर्मनीत फ्रान्झ हिलेनकँप आणि मिखाएल कारास यांनी, तर जपानमध्ये कोइची तनाका यांनी शोधली. लेझर शोषून घेणाऱ्या साहाय्यक पदार्थात रेणू मिसळले की लेझरच्या झोतासरशी ते अखंड उडतात. १९९७ साली अमेरिकेत रिचर्ड कॅप्रिओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तंत्र ऊतींच्या चकत्यांवर वापरून नकाशे काढले.

कृती सांगायला सोपी आहे. अवयव काढल्याबरोबर गोठवायचा, त्याची मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी पातळ चकती काचेवर घ्यायची, तिच्यावर साहाय्यक पदार्थाचा बारीक फवारा द्यायचा आणि लेझर ओळीने एकेका बिंदूवर फिरवायचा. प्रत्येक बिंदूचा एक संपूर्ण वस्तुमानपट मिळतो. बिंदूंमध्ये मिलिमीटरच्या विसाव्या भागाचे अंतर ठेवले तर एका चौरस सेंटिमीटरच्या चकतीतून ४०,००० पट निघतात. त्यांतून हव्या त्या वजनाची रेषा निवडून तिची तीव्रता रंगाने दाखविली की त्या रेणूचा नकाशा तयार होतो. औषधाचा एक, त्याच्या चयापचयित रूपाचा दुसरा, पेशीतील चरबीयुक्त रेणूंचा तिसरा. आधी कोणतीही खूण करावी लागत नाही. रेणूचे वजन हीच त्याची खूण.

एचआयव्हीवरील फॉसडेव्हिरिन या प्रायोगिक औषधाच्या चाचणीत काही रुग्णांना झटके येऊ लागल्याने ते सोडून द्यावे लागले होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राण्यांच्या मेंदूच्या चकत्यांवर या तंत्राने पाहणी झाली. औषधाची चयापचयित रूपे मेंदूच्या विशिष्ट भागांत साचत होती आणि त्यांचे ठिकाण व प्रमाण प्राण्याच्या जातीनुसार बदलत होते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवर शेवटचा उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोलिस्टिनबाबतही उंदरांच्या मूत्रपिंडावर असाच अभ्यास झाला. औषध मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात साचलेले दिसले, आणि कोलिस्टिनची इजा जेथे होते त्या सूक्ष्म नलिका याच थरात असतात.

तंत्राच्या मर्यादा कमी नाहीत. चकतीला किंचित ओल लागली तरी विरघळणारे रेणू जागा सोडतात आणि नकाशा खोटा ठरतो. एखाद्या रेणूचे आयन किती सहज बनतात हे शेजारच्या क्षारांवर आणि चरबीवर अवलंबून असल्याने गडद रंग म्हणजे अधिक प्रमाण, असे सरळ म्हणता येत नाही. वजन सारखे पण रचना वेगळी असलेले दोन रेणू केवळ वजनावरून निराळे ओळखता येत नाहीत. मापातल्या छोट्या अशुद्धीने केवढा घोटाळा होतो, हे ऑक्सिजनच्या प्रकरणात दिसलेच होते. या क्षेत्रातही बराचसा वेळ मापे पडताळण्यातच जातो.

शोनहायमर यांचा अर्धा राहिलेला प्रश्नही या मार्गाने पुढे गेला आहे. जड नायट्रोजनयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या आतील कानातील पेशींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आयनांच्या शलाकेने त्या पेशींवरील केसांसारख्या सूक्ष्म दांड्यांचे वस्तुमान नकाशे काढण्यात आले. ध्वनी टिपणाऱ्या या दांड्या आयुष्यभर टिकाव्या लागतात. एकदा नष्ट झालेली पेशी सस्तन प्राण्यांत पुन्हा तयार होत नाही. शरीरात इतरत्र प्रथिने झपाट्याने बदलत असताना या दांड्यांतील प्रथिने महिनोन्महिने जवळजवळ तशीच राहिलेली आढळली. नवा नायट्रोजन वेगाने आला होता तो फक्त त्यांच्या टोकांशी.